गोळ्यावरचा कागद

जत्रेच्या रात्री शोभेचा गोळा उखळीतून सुटतो, अंधारात दिसेनासा होतो आणि क्षणभराने वर तांबड्या-हिरव्या ठिणग्यांचे एक प्रचंड फूल उमलते. पाहणाऱ्यांच्या तोंडून 'वाहवा' बाहेर पडते न पडते तोच ते विझूनही जाते. तेवढ्या अवधीतही ते फूल गोल उमलले की वाकडे, हे लहान मुलाला तत्काळ कळते. एखाद्या गोळ्याचे फूल एका बाजूस ओढल्यासारखे दिसते; एखाद्याचे मधोमध चिरल्यासारखे होते आणि ठिणग्या कंबरपट्ट्यासारख्या चोहोकडे पसरून मधला भाग रिता राहतो. प्रेक्षक म्हणतो, दारू बिघडली. दारूकामात मुरलेला कारागीर मात्र आधी दारूकडे वळत नाही. या गोळ्यावर कागद कोणी लावला होता, एवढेच तो विचारतो.

हा कागद म्हणजे काय, तो सारखा लावणे इतके अवघड का, आणि ते काम घरी बांधलेल्या एखाद्या यंत्राकडून करवून घेता येईल काय, हा या भाषणाचा विषय आहे. विषय दारूकामाचा असला तरी दारूच्या मिश्रणाविषयी येथे काही सांगावयाचे नाही. ते ज्यांचे काम आहे त्यांनी परवाना घेऊन आणि गावापासून दूर करावे. येथे सारा विचार कागद, खळ आणि गुंडाळणी यांचाच आहे; आणि या तिन्ही गोष्टींचा विचार करू लागले म्हणजे तापीकाठचे बुऱ्हाणपूर आपोआप डोळ्यांसमोर येते. ते का, हे पुढे सांगितलेच आहे.

मराठी बखरींत आणि पत्रांत 'कुलपी गोळा' हा शब्द वारंवार येतो. पोकळ गोळ्यात दारू भरलेली, तिला बत्ती लावलेली, आणि तो शत्रूच्या गोटात पडून फुटावयाचा. शोभेचा गोळा हा या कुलपी गोळ्याचाच सौम्य भाऊ. लोखंडाच्या जागी पुठ्ठ्याच्या दोन वाट्या येतात. त्यांत रंगीत ठिणग्या देणाऱ्या गोट्या कडेने रचतात, मध्ये फोडणारी दारू ठेवतात, वाट्या एकमेकींवर बसवून गोल करतात आणि मग त्या गोलावर खळ लावलेल्या कागदाच्या पट्ट्या थरावर थर चढवीत जातात. नुसत्या पुठ्ठ्याच्या वाट्या आतल्या दाबापुढे तत्काळ सांध्यातून उघडतील. कागदाचे थर त्या दाबाला क्षणभर थोपवून धरतात. त्या क्षणात आतली सगळी दारू पेटते, सगळ्या गोट्या पेट घेतात, आणि मग कवच एकदम सर्व बाजूंनी फुटते.

मर्म आहे ते 'सर्व बाजूंनी' या दोन शब्दांत. वाफेला जसे भांड्याच्या झाकणाची सैल कड बरोबर सापडते, तसे कवचातील सर्वांत दुबळे ठिकाण दाबाला सापडते. एके ठिकाणी आठ थर आणि दुसरीकडे पाच असे झाले, तर कवच पाच थरांपाशी फुटणार आणि फूल तिकडे झुकणार. वाट्यांचा सांधा नीट झाकला गेला नाही, तर ते सांध्यावर चिरणार. तेव्हा कागद जाड असण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, तो सर्वत्र सारखा असण्याला महत्त्व आहे.

आपल्याकडे ही विद्या नवी नव्हे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील विद्वान परशुराम कृष्ण गोडे यांनी भारतातील आतषबाजीच्या इतिहासावर एक प्रबंध लिहिला. तो १९५३ मध्ये पुस्तकरूपाने निघाला. ओरिसाचा गजपती प्रतापरुद्रदेव याच्या नावावर असलेला 'कौतुकचिंतामणि' आणि एकनाथांचे 'रुक्मिणीस्वयंवर' अशा निरनिराळ्या ठिकाणांहून त्यांनी पुरावे गोळा केले. त्यांनी उल्लेखिलेला पेशव्यांच्या बखरीतील प्रसंग तर मोठा रसाळ आहे. महादजी शिंद्यांनी सवाई माधवरावांस कोट्याच्या दिवाळीची हकीकत सांगितली: तेथील राजा गावाबाहेर दारूची लंका उभारतो, तीत राक्षस, वानर आणि एक मोठा मारुती असतो, मारुतीच्या शेपटीस बत्ती दिली की तो उड्डाण करून सारी लंका पेटवीत जातो. तरुण पेशव्यास तसेच काही पाहण्याची इच्छा झाली आणि महादजींनी पर्वतीच्या पायथ्याशी तो खेळ करून दाखवला. लंका म्हटली म्हणजे तिच्या बांध्याला बांबू, कागद आणि खळ ही आलीच. बखरकाराने ती मोजली नाहीत, एवढेच.

त्या दिवसांत बुऱ्हाणपूर शिंद्यांच्याच ताब्यात होते. पण या गावाचा येथे संबंध येतो तो राजकारणामुळे नव्हे. हे दारूकामाचे गाव म्हणून प्रसिद्ध नाही; देशातील फटाक्यांचा मोठा बाजार दूर दक्षिणेत शिवकाशीस आहे. बुऱ्हाणपूरची कीर्ती सुताची. सतराव्या शतकातील फ्रेंच जव्हेरी ताव्हेर्निये याने येथील तलम कापडाचे वर्णन केले आहे. ते इराण, तुर्कस्तान, रशिया आणि पोलंडपर्यंत जात असे. त्या कापडाच्या जोडीने येथे कलाबतूचा धंदा वाढला. चांदीच्या कांबीवर सोन्याचा पत्रा चढवायचा, ती लहान-लहान होत जाणाऱ्या छिद्रांतून ओढीत केसासारखी तार करायची, तार ठोकून चपटी करायची, आणि तो चपटा बादला रेशमाच्या धाग्यावर गुंडाळायचा. गुंडाळणारा कारागीर धाग्याला टांगलेली चाती मांडीवर घासून फिरवी आणि बादला धाग्याभोवती चढत जाई. फेऱ्यांत अंतर राहिले तर आतले रेशीम दिसते; फेऱ्या एकमेकींवर चढल्या तर सोने फुकट जाते. पट्टी सारखी गुंडाळणे हीच ती कला. सोन्याच्या जागी कागद आणि धाग्याच्या जागी गोळा ठेवला, की प्रश्न तोच उरतो; मात्र तो शतपट अवघड होतो. धागा लांबट असतो आणि गोळा सर्व बाजूंनी वाटोळा.

दुसरी गोष्ट खळीची. ताण्याचे सूत मागावर चढवण्याआधी त्याला खळ पाजतात. आपल्याकडे त्याला पांजणी म्हणतात. पूर्वी हे काम गल्लीत ताणा पसरून कुंच्याने होई. पुढे साइझिंगची यंत्रे आली. खळ पातळ झाली तर सूत तुटते आणि दाट झाली तर पोपडे धरते, हे विणकरांच्या वस्तीतील पोराटोरांनाही ठाऊक असते. तिसरी गोष्ट कागद. बुऱ्हाणपूर जिल्ह्यातच नेपानगर आहे. भारतातील वृत्तपत्री कागदाचा पहिला कारखाना तेथे उभा राहिला आणि १९५६ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे राष्ट्रार्पण झाले. सातपुड्यातील सालईचे लाकूड आणि बांबू यांचा लगदा होऊन तो कागद देशभरच्या छापखान्यांत जाऊ लागला. गुंडाळणी, खळ आणि कागद ही तिन्ही एकाच जिल्ह्यात! गोळ्यावर कागद लावण्याचे यंत्र कोणास आपल्या पडवीत बांधून पाहावयाचे असेल, तर याहून सोयीचे गाव शोधून सापडणार नाही.

यंत्राकडे वळण्यापूर्वी हात हे काम कसे करतो ते पाहणे अगत्याचे आहे. या कामाला जपानी कारागिरांनी जे रूप दिले ते अन्यत्र क्वचितच आढळते. गोळ्यावर कागद लावण्याला ते 'तामाहारी' म्हणतात. कागदाचे लहान लहान तुकडे कापून, खळीत भिजवून, ते एकमेकांवर थोडे चढवीत गोळाभर लावतात. मग गोळा फळीखाली धरून लोळवतात. त्यामुळे थरांत अडकलेली हवा आणि जादा खळ बाहेर निघते. एक फेर झाला की गोळे वाळत घालतात. वाळले की पुन्हा कागद, पुन्हा फळी. मोठ्या गोळ्याला यात कितीतरी दिवस जातात. दारूकामाच्या शास्त्रावर आधारभूत ग्रंथ लिहिणारे ताकेओ शिमिझू यांनी कागदाच्या बळाचा आणि आतल्या दाबाचा मेळ कसा घालावा याची विस्ताराने चर्चा केली आहे. निइगाता प्रांतातील काताकाई या गावी सप्टेंबरातील उत्सवात जवळजवळ १२० सेंटीमीटर व्यासाचा आणि ४२० किलो वजनाचा गोळा उडवतात. त्याचे फूल सुमारे ८०० मीटर रुंद उमलते. एवढ्या धुडाच्या अंगावरचा कागदही थरावर थर असाच चढलेला असतो.

हाताच्या या पद्धतीत एक शहाणपण दडलेले आहे. तुकडे लहान असल्यामुळे हात त्यांना पाहिजे तेथे ठेवतो आणि जाड झालेली जागा टाळतो. यंत्राला तुकडे उचलता येत नाहीत. त्याला रिळावरची अखंड पट्टी सोयीची. म्हणून यंत्र बांधणारा पहिला विचार असा करतो: दोन रबरी रूळ शेजारी शेजारी आडवे ठेवावेत, त्यांवर गोळा बसवावा, रूळ फिरवावेत, गोळा जागच्या जागी लोळू लागेल आणि वरून येणारी ओली पट्टी त्याच्या पोटाभोवती गुंडाळली जाईल. पट्टी ओली करण्यास पाण्याचे पन्हाळे किंवा खळीचा बुडवा, दाबण्यास वरून एक हलका रूळ, थांबवण्यास पायाखाली पट्टी. जुन्या यंत्रमागाच्या भंगारात यांतले निम्मे सामान सहज मिळते.

एवढे झाल्यावर पट्टी एकाच वाटेने गुंडाळत राहते, हे उघड आहे. गोळा थोडा थोडा वळत राहिला पाहिजे. येथे हौशी यांत्रिक पहिली चूक करतो. तो एक रूळ किंचित तिरपा लावतो आणि समजतो, आता गोळा लोळेलही आणि वळेलही. यंत्र सुरू होते. चार फेऱ्या होतात. आणि पट्टी पुन्हा पहिल्याच पट्टीवर येऊन बसते! कारण साधे आहे. चेंडूला एकाच वेळी दोन दिशांनी सारखी गती दिली, तर तो दोन आसांभोवती फिरत नाही. त्या दोहोंच्या मधला एक तिसरा आस तो पत्करतो आणि त्याच्याभोवती ठरलेल्या वाटेने फिरत राहतो. रूळ तिरपा केल्याने वाट तिरपी झाली. वाट बदलत राहिली नाही. बदल हवा असेल तर वळण अखंड देऊन भागत नाही. ते थांबून थांबून, एका फेरीस एक, असे द्यावे लागते.

आणि थांबून थांबून पुढे सरकणे ही तर मागाची जन्मजात विद्या. धोटा एकदा आडवा गेला की विणलेले कापड गुंडाळणारा रूळ अगदी किंचित पुढे सरकतो. हे काम दातेरी चाक आणि त्यात अडकणारा खटका करतो. कारखान्यात त्याला रॅचेट म्हणतात. वीस दात्यांचे असे चाक घेतले तर एका दात्याला बरोबर १८ अंश येतात. गोळ्याची एक फेरी पुरी झाली की रूळ क्षणभर थांबावेत, खालून रबराची एक वाटी वर यावी, तिने गोळा उचलून १८ अंशांनी वळवावा आणि पुन्हा रुळांवर ठेवावा. दहा फेऱ्यांत गोळा १८० अंश वळतो आणि सगळा झाकला जातो.

झाकला जातो खरा, पण कसा? १५ सेंटीमीटर व्यासाचा गोळा घेऊ. त्याचा घेर सुमारे ४७ सेंटीमीटर. पट्टी अडीच सेंटीमीटर रुंद. प्रत्येक फेरी गोळ्याच्या कमरेला दोन ठिकाणी ओलांडते, म्हणजे पाच सेंटीमीटर झाकते. कंबर पुरी झाकण्यास दहा फेऱ्या लागतात. आता या दहाही फेऱ्या गोळ्याच्या माथ्यावरून आणि तळावरून जातात. पृथ्वीच्या गोलावर रेखांश जसे ध्रुवांपाशी एकत्र येतात तसेच हे. कमरेला एक थर, ध्रुवांवर दहा! सरासरी काढली तर पावणेदोन थरही भरत नाहीत. म्हणजे जाड जागा सरासरीच्या सहापट झाली. असा गोळा उडवला तर ध्रुव शाबूत राहून कंबर फुटेल. फूल होणार नाही, कडे होईल.

यावर उपाय असा की दहा फेऱ्यांचा एक संच झाला म्हणजे गोळा हातात घ्यावा, आडवा करावा आणि नवे ध्रुव धरून पुढचा संच सुरू करावा. एकमेकांशी काटकोनात असलेल्या तीन जोड्या धरल्या तर तीस फेऱ्यांत सरासरी पाच थर बसतात. पण कोणत्याही ध्रुवावर आपल्या संचाचे दहा आणि इतर दोहोंचे दोन असे बारा थर होतात. म्हणजे जाडी सरासरीच्या २.४ पट. सहावरून अडीचाच्या आत आलो. अशाच निरनिराळ्या बारा जोड्या गोळाभर विखुरल्या तर १२० फेऱ्यांत सरासरी वीस थर होतात आणि ध्रुवावर सुमारे अठ्ठावीस, प्रमाण १.४ वर येते. पुढे जावे तसे ते एकाच्या जवळ सरकते, पण एक होत नाही. हात मात्र तुकड्या-तुकड्याने ते काम पहिल्याच फेरात बहुतांशी साधतो. अखंड पट्टीची सोय यंत्राने घेतली आणि तिच्याबरोबर ध्रुवांचे ओझेही पत्करले. हे ओझे उतरवण्यास दर दहा फेऱ्यांनी पुन्हा माणसाचाच हात लागतो, आणि मागचे ध्रुव कोठे होते हे त्याला आठवावे लागते. शहाणा कारागीर पेन्सिलीने खूण करून ठेवतो.

आणखी एक खोडी आहे. रूळ पाच सेंटीमीटर व्यासाचे असतील तर त्यांच्या तीन फेऱ्यांत गोळ्याची एक फेरी होते. म्हणून रुळाच्या तीन फेऱ्या मोजून खटका पाडावा, असे वाटणे साहजिक आहे. पण कागद चढत जातो तसा गोळा फुगतो. कागद एकदशांश मिलीमीटर जाड धरला तर वीस थरांनी व्यास चार मिलीमीटर वाढतो आणि घेर सव्वा सेंटीमीटर. खळीची जाडी वेगळीच. शेवटच्या फेऱ्यांत पट्टी अर्ध्या रुंदीने अपुरी पडते आणि खटका वेळेआधी पडतो. तेव्हा मोजावयाची ती गोळ्याची फेरी, रुळाची नव्हे. कांडी भरणाऱ्या बायका भरत आलेली कांडी बोटांच्या अंदाजाने ओळखतात, त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही.

यंत्र साधले तरी कागदाचा स्वभाव ओळखला नाही तर सारे व्यर्थ आहे. हातातले वृत्तपत्र वरून खाली फाडून पाहावे. ते बहुधा सरळ रेषेत फाटते. तेच आडवे फाडावे. वेडेवाकडे, दातेरी फाटते. कागद तयार होताना लगद्यातील तंतू यंत्राच्या चालीच्या दिशेने लवंडतात, त्यामुळे कागदाला लाकडासारखा रेषांचा कल येतो. कलाच्या दिशेने ओढले असता कागद अधिक ताण सोसतो. म्हणून पट्टी नेहमी कलाच्या लांबीने कापावी. आडवी कापलेली पट्टी दिसण्यास तशीच असते आणि ताणाला निम्म्यातच तुटते. नेपानगरचा म्हणून जो कागद ख्यात झाला तो छपाईसाठी होता. वृत्तपत्री कागदाचे तंतू आखूड, म्हणून तो मऊ, शाई चटकन पिणारा आणि स्वस्त. वाट्या करण्यास ठीक, पण वरच्या थरांना दुबळा. तेथे लांब तंतूंचा तपकिरी क्राफ्ट कागदच लागतो. जर्मन भाषेत क्राफ्ट म्हणजे बळ. जाता जाता सांगावयाचे तर, मनिला कागद नावाचा जो चिवट कागद पूर्वी प्रसिद्ध होता तो फिलिपाइन्समधील केळीच्याच जातीच्या एका झाडाच्या तंतूंचा असे. बुऱ्हाणपूरच्या शिवारात तर नजर जाईल तेथवर केळीच केळी आहे. तिच्या खांबापासून असा चिवट कागद करून पाहण्याचा मोह कोणास झाला, तर तो वेडा ठरू नये.

ओला कागद फुगतो आणि वाळताना आखडतो. त्या आखडण्याने गोळा आवळला जातो. म्हणूनच खळीने लावलेला कागद बळकट बसतो. पण एकाच दिवशी थरांवर थर चढवले तर आतली ओल बाहेर पडत नाही. वरून टणक आणि आतून दमट असा गोळा तयार होतो, आणि ती ओल शेवटी दारूपर्यंत पोहोचते. यंत्राचा वेग येथे उपयोगी पडत नाही, उलट आड येतो. हाताने दिवसभरात जेवढे थर होतात तेवढे यंत्र तासाभरात करील. वाळण्यास मात्र तेवढेच दिवस लागतील. यंत्राने दहा गोळ्यांचे काम आळीपाळीने करावे, एकाच गोळ्याच्या मागे लागू नये.

खळीत बुकबाइंडर कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात. ही सवय दारूकामात अत्यंत घातक आहे. काही दारूमिश्रणांशी मोरचुदाची गाठ पडली की ती आपोआप पेटू शकतात. जुने कारागीर मोरचूद आणि तुरटी कामाच्या आसपाससुद्धा फिरकू देत नाहीत. हौशी माणूस मात्र घरात पुस्तकांसाठी केलेली खळ शिल्लक आहे म्हणून तीच वापरावयास काढतो.

येथे मूळ अडचण उभी राहते. कागद लावावयाचा तो रित्या गोळ्यावर नव्हे, भरलेल्या गोळ्यावर. वाट्या बंद झाल्या, आत दारू बसली, आणि मग कागद चढू लागला. म्हणजे ज्या रुळांवर, ज्या मोटारीच्या शेजारी तो गोळा लोळणार, तेथे तो जिवंत आहे. साध्या मोटारीत ठिणगी पडते. रिळावरून सुटणाऱ्या कोरड्या कागदात वीज साठते. पट्टी अडकली आणि रूळ फिरतच राहिले तर घर्षणाने ऊब चढते. गोळा निसटून फरशीवर पडू शकतो. म्हणून मोटार भिंतीपलीकडे ठेवून दांडा भिंतीतून आत आणावा लागतो, रूळ अगदी सावकाश फिरवावे लागतात, पट्टी किंचित ओढ बसताच सुटेल अशी ठेवावी लागते. एवढे करूनही घरात हे यंत्र चालवण्यास कायद्याची मुभा नाही, आणि नाही तेच योग्य आहे. १८८४ च्या स्फोटक अधिनियमानुसार परवान्याशिवाय दारूकाम करणे गुन्हा आहे. त्याची देखरेख करणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्य कार्यालय नागपुरास आहे. नागपूरची माणसे फार कडक वागतात, अशी कुरकूर धंद्यात कानी येते. कुरकूर करणाऱ्यांनी इटारसी–भुसावळ लोहमार्गावरून प्रवास करावा. बुऱ्हाणपूर आणि खांडवा ज्या मार्गावर आहेत त्याच मार्गावर पुढे हरदा लागते. ६ फेब्रुवारी २०२४ रोजी तेथील फटाक्यांच्या कारखान्यात स्फोट झाला. दहाहून अधिक माणसे मेली आणि शंभराहून अधिक जखमी झाली.

परक्या देशांत साधने आणि पैसा यांची वाण नसतानाही कागदाने आणि दारूने माणसाला नमवल्याची उदाहरणे आहेत. अमेरिकेतील कोलोरॅडो संस्थानात स्टीमबोट स्प्रिंग्ज येथे ६२ इंच व्यासाचा गोळा उडवण्याचा प्रयत्न २०१९ मध्ये झाला. तो उखळीतच फुटला. पुढच्या वर्षी, ८ फेब्रुवारी २०२० रोजी, २,७९७ पौंडांचा गोळा वर गेला आणि नीट उमलला. ते लोक वर्षभर पुन्हा गोळ्याच्या बांधणीशी झगडत होते.

मग यंत्र बांधू नये काय? अवश्य बांधावे. परवानाधारक कारखान्यात कागद लावण्याचे काम बहुधा अनेक हात जवळ जवळ बसून करतात; एका खोलीत भरलेले गोळे आणि त्यांभोवती माणसे. चांगले यंत्र साधले तर त्या खोलीत दहांऐवजी दोनच माणसे पुरतील, आणि तीही हात लांब ठेवून काम करतील. रोजी बुडेल ती आठांची, हा प्रश्नही खराच आहे, आणि त्याचे उत्तर यंत्र बांधणाऱ्यापाशी नाही. परंतु कारखान्यात न्यावयाचे यंत्र आधी कोठेतरी बिघडावे लागते, चुकावे लागते, सुधारावे लागते. त्या चुका भरल्या गोळ्यावर करावयाच्या नसतात. पडवीतल्या यंत्रावर रिता गोळाच चढवावा. पुठ्ठ्याच्या वाट्यांत भाताचा कोंडा भरावा, किंवा जुन्या रबरी चेंडूवरच कागद लावावा. यंत्राला आत दारू आहे की कोंडा, हे कळत नाही. पट्टीलाही कळत नाही. ध्रुवांवरची जाडी तीच होते.

आणि परीक्षाही तेथेच होते. एक संच तपकिरी क्राफ्ट कागदाचा, पुढचा पांढऱ्या वृत्तपत्री कागदाचा, असे आळीपाळीने लावावे. गोळा चार-आठ दिवस सावलीत पूर्ण वाळू द्यावा. मग बारीक दात्यांच्या करवतीने तो मधोमध कापावा आणि कापलेली बाजू उजेडाकडे धरावी. कांद्याच्या पापुद्र्यांसारखी तपकिरी-पांढरी कडी दिसतील. काही ठिकाणी पांढरे कडे रुंदावलेले असेल, तेथे ध्रुव होता. काही ठिकाणी तपकिरी कडे धाग्याइतके बारीक होऊन नाहीसेच झालेले असेल, तेथे पट्टी अपुरी पडली. पेन्सिलीची खूण त्या जागेवर करावी, खटक्याचा दाता तपासावा, आणि दुसरा चेंडू रुळांवर ठेवावा.